भेटीनंतरचा तास

एप्रिल जवळ आला की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचायतीत एक विषय हमखास निघतो. सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेचा, विद्यार्थी इंटर्नशिपला येणार, त्याला काय काम द्यायचं? मग ज्याला त्याला आपापलं अडलेलं काम आठवतं. व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, त्याच्याकडे देऊ, युवकांची सभा घेईल, गिटार येत असेल तर गाण्यांचं बघेल, पाळकसाहेब रजेवर असतील त्या रविवारी संदेश देईल. एका मंडळीत तर उन्हाळाभर हॉलच्या खुर्च्या लावणं आणि साउंडच्या वायरी गुंडाळणं एवढंच एका मुलाच्या वाट्याला आलं होतं आणि शेवटी त्याला 'उत्तम सेवा केली' असं प्रमाणपत्र मिळालं. कामांच्या यादीत एक गोष्ट मात्र सहसा नसते. आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बसणार कोण?

मी पाळक नाही. रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आता ऐरोलीत राहते. आमच्या पाळकसाहेबांनी काही वर्षांपूर्वी मला आणि मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावून सांगितलं की विद्यार्थी येतील तेव्हा दर शनिवारी त्यांच्याबरोबर आपण तिघांनी बसायचं. मला वाटलं, चहा-नाश्त्याचं बघायला बोलावताहेत. तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वॉर्डात माणसं पाहिलीत. आजाऱ्याजवळ कसं बसतात हे ह्या मुलांना तुम्ही सांगायचं. मी फक्त शास्त्राची बाजू बघेन." प्रत्यक्षात अशी वाटणी कधी झाली नाही. शास्त्राबद्दल, म्हणजे बायबलबद्दल, मीही बोलते आणि पाठीच्या जखमांबद्दल तेही विचारतात.

ज्यांना ह्या पद्धतीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विद्यार्थी घरभेटीला, रुग्णालयात, कुणाच्या मयतीला जातो. परत येऊन त्या भेटीत जे बोलणं झालं ते आठवेल तसं, शब्दाला शब्द लिहून काढतो. त्याला व्हर्बॅटिम म्हणतात. माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त खुणेचं अक्षर. कागदाच्या कडेला भरपूर जागा सोडायची. बोलणं चालू असताना मनात काय आलं, हात-पाय कसे होते, खोलीत काय दिसलं, ते तिथं लिहायचं. मग तो कागद घेऊन सुपरव्हायझरसमोर बसायचं. आधी काय झालं ते बघायचं आणि नंतर विचारायचं की ह्यात देव कुठं होता, आपण देवाविषयी काय बोललो आणि ते खरं होतं का. ह्या दुसऱ्या भागाला सेमिनरीत ईश्वरविज्ञानात्मक चिंतन असं भारदस्त नाव आहे. आम्ही नुसतं 'शनिवारचं बसणं' म्हणतो.

नर्सिंगला असताना वॉर्डात पोस्टिंग लागायचं. सिस्टर ट्यूटर खांद्यामागं उभ्या असायच्या. विद्यार्थिनीला एकटीला वॉर्डात सोडून देऊन संध्याकाळी 'किती इंजेक्शनं दिलीस?' एवढंच विचारलं, असं कुणी चालवून घेतलं नसतं. पण तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला आपण मरणाच्या खाटेजवळ एकटं पाठवतो आणि परत आल्यावर 'झाली का प्रार्थना?' म्हणून मोकळे होतो.

हे मला लागतं त्याचं कारण माझी आई. ती नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र आणि गाण्यांचं पुस्तक, आणि वाडीवस्तीवर पायी फिरणं. तिला एक रजिस्टर दिलेलं असे. किती घरं झाली, किती बायका ऐकायला बसल्या, किती पुस्तिका वाटल्या, हे त्यात भरायचं. महिन्याच्या शेवटी ते तपासून सही व्हायची. एखाद्या घरी सून जळाली होती, कुणाचं बाळ तिच्या मांडीवर गेलं होतं, ह्याला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. ते ती रात्री चुलीपुढं मला सांगायची. मी आठ-दहा वर्षांची पोर, मला काय कळणार? पण तिला सांगायला दुसरं कुणी नव्हतं. आज शनिवारी एखादी विद्यार्थिनी बोलता बोलता थांबते, तिचा आवाज बसतो आणि आम्ही तिघं मुकाट्यानं थांबतो, तेव्हा मला वाटतं, माझ्या आईला असा एक तास मिळायला हवा होता.

ही पद्धत सुरू कशी झाली ते पाळकसाहेबांकडून ऐकलं आणि मग मी वाचत गेले. अमेरिकेत अँटन बॉइसन नावाचे पाळक होते. 1920 साली त्यांना तीव्र मानसिक आजार झाला आणि मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथं त्यांनी पाहिलं की आपल्या मनात जे पेटलंय ते देवाधर्माशी बांधलेलं आहे, पण ते ऐकून घेईल असं इथं कुणी नाही. डॉक्टरांना त्यात रस नव्हता आणि बाहेरून येणारे धर्मोपदेशक आजार समजून न घेता प्रवचन देऊन जायचे. बरे झाल्यावर 1924 साली ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातले पाळक, झाले आणि 1925 च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाचे काही विद्यार्थी तिथं घेऊन आले. ह्या विद्यार्थ्यांनी वॉर्डात अटेंडंटचं काम केलं. रुग्णांना सांभाळायचं, त्यांच्या बरोबर वावरायचं आणि मग पाहिलेलं लिहून काढून त्यावर चर्चा करायची. पुस्तकं जशी वाचतो तशी माणसं वाचायला शिका, असा बॉइसन यांचा आग्रह होता. त्याच वर्षी रिचर्ड कॅबट ह्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी जाहीर मागणी केली की डॉक्टरांना जसं प्रत्यक्ष रुग्णांमध्ये शिकावं लागतं तसं धर्मसेवेच्या विद्यार्थ्यांनाही शिकायला लावा. पुढं 1930 च्या दशकात रसेल डिक्स ह्या चॅप्लेननी रुग्णांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिण्याची पद्धत रुळवली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असं शिक्षण मिळतं.

मुंबई-ठाण्यात कुणाचं डोकं फिरलं असं म्हणायचं झालं की लोक सर्रास 'ह्याला ठाण्याला न्या' म्हणतात. शंभर वर्षांहून जुनं मनोरुग्णालय तिथं आहे, म्हणून. मी हे वाक्य नोकरीत असताना इतक्यांदा ऐकलं की त्याची चीड येते. पाळकांना माणसं ऐकायला शिकवण्याची ही सगळी वाट ज्यानं पाडली, तो स्वतः असल्या ठिकाणी खाटेवर पडून होता. विद्यार्थी आले की पहिल्या शनिवारी मी त्यांना हे सांगतेच.

आता एक व्हर्बॅटिम दाखवते. संबंधित बाईंची आणि मुलाची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जालन्याकडचा मुलगा. बीडीच्या, म्हणजे सेमिनरीतल्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला. गावाकडच्या मंडळीनं पैसे गोळा करून शिकायला पाठवलेला, त्यामुळं शिकून लवकर परतायचं हे डोक्यात पक्कं. त्याला घणसोलीतल्या एका घरी पाठवलं होतं. नवरा माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आयुष्य गेलेलं. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बायको एकटीच सगळं करते. मुलानं लिहून आणलेला भाग असा ('वि' म्हणजे विद्यार्थी, 'बा' म्हणजे बाई):

वि 1 : मावशी, काका कसे आहेत आता?

बा 1 : आहेत तसेच. काय फरक नाही.

वि 2 : तुमची धावपळ होत असेल ना?

बा 2 : रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलावी लागती. माझ्याच्यानं उचलत नाही. परवा तर मी वराडले त्यांच्यावर.

वि 3 : काळजी करू नका मावशी. ह्यात देवाची काहीतरी योजना असेल.

बा 3 : (थोडा वेळ गप्प.) हं. चहा टाकते.

वि 4 : नको, चहा राहू द्या. आपण प्रार्थना करू या.

बा 4 : बसा हो. दूध आहे घरात.

मग चहा, मग बायबलमधलं स्तोत्र 23, मग प्रार्थना, मग निघणं. कडेच्या जागेत त्यानं लिहिलं होतं, 'भेट चांगली झाली. मावशींना धीर मिळाला.'

पाळकसाहेबांनी कागद दोनदा मोठ्यानं वाचला. मग आमच्या शिक्षकांनी बा 3 वर बोट ठेवलं. म्हणाले, "इथं बाई उठून आत गेल्या. का गेल्या?" मुलगा म्हणाला, "चहा करायला, सर." सर म्हणाले, "चहा आधी का नाही टाकला? तू आलास तेव्हाच टाकला असता." आपल्याकडे पाहुणा आला की पाणी देतानाच चहा विचारतात, आणि ही बाई तर चार वाक्यं बोलून मग उठली. मुलगा बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच बा 2 वर पेन टेकवलं. "ओरडले म्हणाल्या," तो म्हणाला, "आणि मी ते ऐकलंच नाही."

म्हणजे बघा. एका बाईनं, बहुधा पहिल्यांदाच, आपल्या लुळ्या नवऱ्यावर ओरडल्याचं कुणापुढं तरी कबूल केलं. मनात किती दिवस ते घेऊन फिरत असेल. आणि आपण त्यावरून उडी मारून थेट देवाच्या योजनेवर गेलो.

मी त्याला वेगळंच विचारलं. खोलीत वास येत होता का? हे त्यानं कागदावर कुठंच लिहिलं नव्हतं. मान खाली घालून हो म्हणाला. मळमळलं, दाराजवळच्या स्टुलावर बसलो, लवकर निघायचं होतं, हे सगळं हळूहळू बाहेर आलं. त्याची लाज वाटत होती म्हणून लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, हे सगळ्यात आधी लिही. तो वास म्हणजे बेडसोर असणार, पाठीला जखम झाली असणार. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, ती एकट्या बाईला कशी जमणार? मंडळीत एकाकडे एअर बेड पडून होता तो नेला, ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवलं, रात्रीच्या एका पाळीला त्यांच्या भाच्याला लावलं. प्रार्थनेच्या घाईत नाकानं दिलेली खबर गेली असती. आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यानं आपलं शरीर काय सांगतंय ते लिहायलाच हवं, ह्यावर मी अडून असते.

मग शास्त्राची बाजू निघाली, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटली. पाळकसाहेबांनी विचारलं, "देवाची योजना असेल, हे वाक्य तू कुठून आणलंस?" मुलगा म्हणाला की गावात प्रत्येक मयतीला पाळक हेच म्हणतात. ते म्हटलं नाही तर आपण पाळक कसले? "मी काहीच बोललो नाही तर मग मी गेलो कशाला?" हा त्याचा प्रश्न अगदी पोटातून आलेला होता. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहणं फार कठीण असतं. डॉक्टरकडे औषध असतं, माझ्याकडे ड्रेसिंगचा ट्रे असायचा. ह्याच्याकडे काय? एक वाक्य. ते तो पुढं करणारच.

जेम्स आणि एव्हलिन व्हाइटहेड ह्या दांपत्यानं 1980 साली अशा चिंतनाची एक रीत मांडली. तीन ठिकाणी कान द्यायचा: आपला अनुभव, श्रद्धेची परंपरा आणि भोवतालची संस्कृती. ह्या तिघांना एकमेकांशी बोलायला लावायचं. हा तिसरा कान किती उपयोगी पडतो ते त्या शनिवारी कळलं. त्या बाईच्या चाळीत शेजारणी काय म्हणत असतील? 'भोग आहेत बाई, भोगूनच संपवायचे.' कुणी 'मागच्या जन्मीचं असेल' म्हणत असेल. आता त्याच दारातून आमचा मुलगा आत जातो आणि म्हणतो, देवाची योजना असेल. बाईच्या कानाला ह्यात काय फरक? तिला एकच ऐकू येतं की हे कुणीतरी वरून लिहिलेलं आहे आणि तुला ते सोसायचंय. आपण येशूचं नाव घेऊन तिला पुन्हा नशीबच दिलं. मुलगा दचकलाच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध त्यानं स्वतः काढला. हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळं, असं शिष्य विचारतात, आणि येशू पापाचा तो हिशेबच धुडकावतो. मग बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र निघाले. ते आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं.

पाळकसाहेबांनी त्याला त्या आठवड्यात रोज स्तोत्र 88 वाचायला सांगितलं. विलापाची बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. मुलानं विचारलं, "ह्यावर संदेश कसा देणार?" पाळकसाहेब म्हणाले, "देऊच नकोस. हे शास्त्रात ठेवलंय एवढं लक्षात ठेव आणि त्या घरी जा."

पुढच्या भेटीचा कागद फार छोटा होता. त्यानं काकांना कूस वळवायला हात लावला. मग म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तुम्ही ओरडल्याचं म्हणालात." बाई बोलत राहिल्या. नवरा धडधाकट असताना दारू पिऊन हात उचलायचा, हे निघालं. आता तोच पोरासारखा झालाय आणि त्याला भरवताना कधी कीव येते, कधी जुनं सगळं आठवून घास जोरात कोंबला जातो, हेही निघालं. देवाचा राग येतो, असं त्या म्हणाल्या. कडेला मुलानं लिहिलं होतं, 'मला काय बोलावं सुचलं नाही. पुन्हा येऊ का, एवढं विचारलं. हो म्हणाल्या.' त्या भेटीत प्रार्थना झाली नाही.

त्यावरून आमच्यात वाद झाला. सरांचं म्हणणं, पाळक म्हणून गेलेल्यानं प्रार्थना न करता उठणं बरोबर नाही, माणसं त्याचीच वाट बघत असतात. मला वाटतं, त्या दिवशी त्या बाई बोलल्या तीच प्रार्थना होती. पाळकसाहेब दोघांच्या मधे. विद्यार्थ्यापुढं आम्ही हा वाद लपवत नाही. मोठी माणसं एकाच शास्त्रावर हात ठेवून वेगळं म्हणू शकतात आणि तरी शेजारी बसून जेवतात, हे त्यानं पाहायला हवं.

दुसरी आठवण एका विद्यार्थिनीची. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सरचं मोठं केंद्र आहे, अ‍ॅक्ट्रेक. उपचारासाठी बाहेरगावाहून माणसं येतात, नातेवाईक जवळपास खोली घेऊन राहतात. अशा एका खोलीत आमच्या ओळखीचं कुटुंब होतं, त्यांना भेटायला ती जायची. शेजारच्या खोलीत सोलापूरकडच्या एक आजी, नातवाला घेऊन आलेल्या. माळकरी. त्यांनी हिला हाक मारून म्हटलं, "तू देवाचं करतीस म्हणं. माझ्याजवळ बस जरा, मी हरिपाठ म्हणते." ही बसली. आजींनी सगळा हरिपाठ म्हटला, हिनं ऐकला, आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शनिवारी ती घाबरत घाबरत बोलली. मी चुकले का? मी माझ्या प्रभूचं नाव का घेतलं नाही? इथं आमचा एक नियम पक्का आहे आणि त्यात तडजोड नाही. आजारी, अडलेल्या माणसाच्या खाटेजवळ जाऊन त्याचा धर्म बदलायला बघायचं नाही. जो गरजेपोटी 'हो' म्हणेल त्याला विचारणंच अन्याय आहे. नर्स म्हणून मला हे शिकवलं होतं आणि पाळकांच्या ह्या प्रशिक्षणातही ते तितकंच महत्त्वाचं आहे. त्यामुळं ती चुकली नव्हती. पण तेवढ्यावर विषय संपवला असता तर चिंतन झालं नसतं. हरिपाठ ऐकताना तुला काय झालं, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मला माझी आजी आठवली. ती ख्रिस्ती व्हायच्या आधी पंढरीला जायची. घरात कुणी ह्याविषयी बोलत नाही."

मराठी ख्रिस्ती घरांत हा विषय असा बंद पेटीत असतो. नारायण वामन टिळकांनी उघड सांगितलं होतं की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी मराठी भजनाची चाल आणि भक्तीची भाषा आपल्या उपासनेत आणली, आणि आपण रविवारी त्यांची गाणी म्हणतो. मग ह्या मुलीच्या आजीची पंढरी तिच्या देवाच्या गोष्टीत कुठं बसते? तिनं ह्यावर सेमिनरीसाठी मोठा निबंध लिहिला. आम्हाला वाचायला दिला तेव्हा मला त्यात एक-दोन गोष्टी पटल्या नाहीत, पण हा प्रश्न तिला वर्गात बसून पडला नसता हे नक्की.

प्रत्येक प्रश्न ऐकून घेण्यानं सुटत नाही, हेही सांगायला हवं. दिघ्यात युवकांची सभा ओस पडायची. एका विद्यार्थ्यानं अहवालात लिहिलं, 'युवकांमध्ये आत्मिक थंडपणा आहे.' पाळकसाहेबांनी ते वाक्य खोडलं नाही. एवढंच म्हणाले, पोरं रविवारी असतात कुठं ते बघून ये. जोझेफ कार्डाइन ह्या बेल्जियमच्या धर्मगुरूंनी कामगार तरुणांमध्ये रुजवलेली रीत हीच: बघा, पारखा, करा. बघण्याआधी पारखायचं नाही. मुलगा सकाळी नाक्यावर जाऊन उभा राहिला. रबाळे एमआयडीसीतल्या कंपन्यांत कंत्राटावर बारा-बारा तास करणारी पोरं, ऐरोलीच्या आयटी पार्कात हाउसकीपिंगला असणारी पोरं. रविवारी खाडा केला तर दिवसाचा रोज जातो, दोन खाडे झाले की ठेकेदार दुसरा आणतो. एक जण त्याला म्हणाला, "ब्रदर, झोपायला मिळालं तरी बास." सभा आता बुधवारी रात्री नऊ वाजता एका पोराच्या घरी होते, आधी जेवण असतं. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा मुळात गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना दिलेली आहे, तुझ्या दासालाही तुझ्यासारखा विसावा मिळू दे म्हणून. बायबलमधल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ते आहे. ह्या मुलानं त्याच्यावर पुढं जो संदेश दिला तो ऐकून ठेकेदारी करणारे आमचे एक सभासद नाराज झाले. ते पाळकसाहेबांनी अंगावर घेतलं, विद्यार्थ्याला पुढं केलं नाही. सुपरव्हायझर असण्यात हेही आलं.

ज्या मंडळ्यांना हे करावंसं वाटतं त्यांना माझ्याकडून काही रोकड्या गोष्टी. विद्यार्थी आल्याबरोबर त्याला काय शिकायचंय ते त्याच्याकडून लिहून घ्या, तुम्हाला काय करून घ्यायचंय ते नंतर. बसण्याचा वार ठरवा आणि मयत सोडून कशासाठीही मोडू नका. बसणाऱ्यांत एक तरी बाई असू द्या. विद्यार्थिनी असेल तर तिला रात्री एकटीनं कुठल्याही घरी पाठवू नका आणि तिनं एखाद्या घरी जायला नको म्हटलं तर कारण विचारत बसू नका. जाण्यायेण्याचं भाडं मंडळीनं द्यावं. ह्या मुलांच्या खिशात पैसे नसतात आणि ती मागत नाहीत. ठाणे-वाशी लोकलचं तिकीट फार नाही, पण रोज रिक्षा करून दिघा, तुर्भे स्टोअर, खारघर फिरायचं म्हणजे जेवण तोडावं लागतं. मी एकाला दुपारी वडापाववर काढताना पकडलं आहे. आणि खोलीतलं खोलीत ठेवा. व्हर्बॅटिमचे कागद बसणं झाल्यावर फाडायचे. पंचायतीच्या बैठकीत 'अमक्या बाई काय म्हणाल्या' हे निघालं तर त्या बाई पुन्हा दार उघडणार नाहीत.

राहिला मूल्यमापनाचा अहवाल. सेमिनरीला तो बंद पाकिटात जातो. पाळकसाहेबांना वाटतं की ते योग्य आहे. काही गोष्टी सेमिनरीलाच कळाव्यात, नाहीतर सुपरव्हायझर मोकळेपणानं लिहिणार नाही. मला हे पटत नाही. ज्या मुलानं आपली लाज, आपली मळमळ, आपल्या आजीची पंढरी टेबलावर ठेवली, त्याच्याविषयी त्याच्या पाठीमागं लिहायचं कसं? अहवालातलं प्रत्येक वाक्य आधी त्याला तोंडावर सांगितलेलं असावं आणि खाली त्याची सही असावी. त्याला न पटलेलं त्यानं त्याच्या शब्दांत जोडावं. गेल्या वर्षापासून पाळकसाहेबांनी माझं अर्धं मान्य केलंय: आमच्या दोघांची पानं विद्यार्थी वाचतो आणि सही करतो, त्यांचं एक पान अजून बंद पाकिटात जातं. त्या पानाविषयी ह्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा बोलणार आहोत.